हिला बोट घ्यायचीय

८ नोव्हेंबर
दुकानातून, दुपारी

आक्का,

हे अक्षर तुमच्या ओळखीचं नाही. मी तुमच्या धाकटीचा नवरा, शिंपी. तुमचे बाबा गेले तेव्हा आपण शेवटचे भेटलो. त्याच्या आधीच तुम्हा बहिणींचं बोलणं बंद झालेलं होतं, आणि ओघाने माझंही झालं. माझं तुमच्याशी काही भांडण नव्हतं, पण आमच्या घरात नवऱ्याला वेगळं मत ठेवायला फारशी जागा नाही.

मी लिहितोय हे हिला माहीत नाही. फोन केला असता, पण आमच्यात फोन एकच आणि तो हिच्या पिशवीत असतो. उत्तर द्याल तर दुकानाच्या पत्त्यावर द्या.

मुद्द्यावर येतो. हिला बोट घ्यायचीय.

फेरीबोटीच्या तिकीट खिडकीतून ही गेल्या महिन्यात निवृत्त झाली. निरोप घेऊन घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "आयुष्यभर लोकांना पलीकडे पाठवलं. आता मी जाते." मला वाटलं, बाईला वैराग्य आलं. मी सांत्वनाला चहा ठेवला. तर ही म्हणते, "जुनी बघू या. नवी आपल्याला झेपायची नाही." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

परवा पहिली बोट बघून आलो. हिरवी, लाकडी, गोदीच्या मागच्या अंगाला ओंडक्यांवर चढवून ठेवलेली. वरून अशी देखणी की मीसुद्धा म्हटलं, बरी आहे. हिने पिशवीतून स्वयंपाकघरातली सुरी काढली आणि सरळ बोटीखाली शिरली. मी मालकाकडे बघून हसत राहिलो, दुसरं काय करणार? थोड्या वेळाने खालून आवाज आला, "अहो, इकडे या." वाकून बघितलं तर सुरी मुठीपर्यंत लाकडात गेलेली. केकमध्ये जावी तशी. वरून ताज्या रंगाचे दोन हात, आत सगळा भुसा. मालक म्हणाला, "एवढंसं तर आहे." ही म्हणाली, "बुडायला एवढंसंच लागतं."

मला वाटलं, सुटलो. पण घरी येताना ही गाणं गुणगुणत होती, आक्का. कितीतरी दिवसांनी.

मला पोहता येत नाही. बोटींची आच्छादनं शिवतो मी, पण मापं घ्यायला बोट किनाऱ्यावर ओढलेली असेल तरच जातो. तुम्ही आणि ही बाबांच्या होडीत वाढलात. तुमचा शब्द पाण्याच्या बाबतीत हिच्यावर चालेल, दुसऱ्या कुणाचा नाही. तिला दोन ओळी लिहा. म्हणावं, या वयात नको.

हिची तब्येत ठणठणीत आहे. बाकी ठीक.

तुमचा,
मास्तर (तुम्ही मला तसंच म्हणायचात)


१९ नोव्हेंबर

आक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी रोज पोस्टमनसाठी मशीन थांबवतो. तो म्हणाला, "मास्तर, नोकरीबिकरी लागतेय का?"

दुसरी बोट दलालाने दाखवली. हा दलाल बोलण्यात असा गोड की मुंग्या लागाव्यात. "ताई, या बोटीचं इंजिन म्हणजे एका झटक्यात सुरू!" आणि खरंच एका झटक्यात सुरू झालं. मी तर मान डोलावली. हिने झाकण उचललं आणि इंजिनावर तळहात ठेवून लगेच मागे घेतला.

"आमच्या आधी कुणी आलं होतं का?" हिने विचारलं.

"नाही हो ताई, तुम्हीच पहिल्या."

"मग हे तापलंय कसं?"

दलाल आकाशाकडे बघू लागला. थंड इंजिन सुरू होत नसणार, म्हणून त्याने आधीच कुणाला तरी घाम गाळायला लावून ते गरम करून ठेवलं होतं. हिने तेलाची पट्टी ओढून माझ्या नाकासमोर धरली. तेल दुधाळ. म्हणजे आत पाणी शिरलंय. मला हे काही कळत नाही, पण दलालाचं तोंड बघून कळलं.

आता जे लिहायचं ते लिहितो. तळ बघायला ही गुडघ्यांवर बसली होती. उठली आणि उठता उठताच खाली बसली. बसली म्हणजे पाय गेले तिचे. क्षणभर डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. मग म्हणाली, "चप्पल घसरली." दलालही म्हणाला, "फळी ओली आहे." मीही म्हटलं, "फळी ओली आहे." फळी कोरडी होती.

मागच्या पत्रात तब्येत ठणठणीत आहे असं लिहिलं, ते खरं नव्हतं. गेल्या महिन्यात ही न्हाणीघरात पडली होती. लोकांना सांगितलं, साबण. कपाळावरची जखम भरून आली. त्याचं काही विशेष नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

फक्त तिला लिहा.

मास्तर


२७ नोव्हेंबर

आक्का,

अर्धवट सांगून माझंच पोट दुखतंय. सगळं सांगतो.

आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलोय. पहिलं पत्र लिहिलं त्याच्याही आधी. हिच्या छातीला वायरी लावून, पट्ट्याला डबी अडकवून घरी पाठवलं होतं. ती डबी परत नेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागद समोर पसरला. ठोक्यांची ओळ चाललीय, चाललीय, आणि मध्येच कोरी जागा. माझ्या मशीनचा दोरा तुटला की कापडावर अशीच बिनटाक्यांची रेघ उमटते. बाई म्हणाल्या, "इथे हृदय थांबलं होतं. मग आपणहून सुरू झालं. प्रत्येक वेळी आपणहून होईलच असं नाही." गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत छोटं यंत्र बसवायचं, ते ठोका चुकू देत नाही. साधी गोष्ट आहे म्हणाल्या.

ही उठली. "नको," म्हणाली. "माझ्या काळजाला दुसऱ्याचा हात नको."

बाहेर आल्यावर रिक्षा घरी न नेता गोदीकडे न्यायला सांगितली. त्या दिवसापासून बोटीचं हे खूळ सुरू झालंय. निवृत्ती हा लोकांना सांगायचा भाग, पहिल्या पत्रात तुम्हालाही मी तेच लिहिलं. मला वाटतं, हिने मनाशी काहीतरी ठरवून टाकलंय आणि त्याच्या आधी एकदा बोट हवीय. मी हे तिला विचारलेलं नाही. ती हो म्हणाली तर काय करू?

शपथ घातलीय मला, कुणाला सांगायचं नाही म्हणून.

आणि आता तिसरी बोट. मालक म्हातारे घड्याळजी आहेत. हात थरथरायला लागले म्हणून आधी दुकान गेलं, आता बोटही द्यावी लागतेय. पांढरी, पुढे लहानशी केबिन, दोन माणसं पाय दुमडून झोपतील एवढी. हिने सुरी घातली, आत गेली नाही. तळाला सुरीच्या मुठीने ठोकत पुढून मागे गेली. सगळीकडे एकच खणखणीत आवाज. इंजिन गार होतं आणि तिसऱ्या प्रयत्नात लागलं. घड्याळजी स्वतःच म्हणाले, "गारठ्यात असंच करते, थोडी कुरकुर. आणि मागच्या बाजूला पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याशी थेंब थेंब पाणी येतं. दर फेरीनंतर उपसायचं." विकणाऱ्यानेच खोट दाखवली की घेणाऱ्याचं मन कुठे अडणार?

ही त्या बोटीत बसली तेव्हा तिचा चेहरा बघितला मी. बोटीत काही वाईट सापडत नाही, आक्का, आणि मला त्याचीच धास्ती आहे. पहिल्या दोन किती चांगल्या होत्या. सडक्या होत्या.

परवा ती पाण्यावर चालवून बघणार. मीही जाणार. माझा काय उपयोग आहे ते विचारू नका.

हात जोडून सांगतो, लिहा.

मास्तर


२ डिसेंबर

आक्का,

काल झालं ते अजून अंगातून गेलेलं नाही.

पहिल्या फेरीला घड्याळजी बरोबर होते, काही झालं नाही. काल ते धक्क्यावरच थांबले. म्हणाले, "तुम्ही दोघंच जा. मी असलो की बाई माझ्याकडे बघत चालवतात. बोट घ्यायची तर बोटीकडे बघून घ्या." मी म्हटलं, "अहो, तुम्हीही याच की." ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय.

पाणी सपाट होतं. पलीकडचा किनारा धुक्यात. ही सुकाणूचा दांडा काखेत धरून बसली होती आणि मी समोरच्या फळीला दोन्ही हातांनी. "अहो, डोळे उघडा," ही म्हणाली, "बघण्याचं तिकीट नाही." मला शिकवत होती. लाल मूठ पुढे ढकलली की वेग, मागे ओढली की मंद. दांडा डावीकडे लोटला की बोट उजवीकडे वळते. मी म्हटलं, "हे उलटं का?" म्हणाली, "तुम्ही नाही का, मी हो म्हटलं की समजता नाही म्हणून." मी हसलो. पाण्यावर हसलो मी, आक्का.

मग ही म्हणाली, "आक्का असती तर..." आणि थांबली.

मला वाटलं, राग आठवला असेल, शब्द गिळला. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं तेव्हा ती एका बाजूला कलत चालली होती. शिवणाच्या टेबलावरून कापडाचा गठ्ठा घसरावा तशी, सावकाश. दांडा सुटला, बोट गर्रकन वळली आणि हिचं डोकं काठावर आलं.

मी फळी कशी सोडली ते आठवत नाही. तिचा दंड पकडून आत ओढलं. मी हाक मारत होतो, नावाने, लग्नानंतर कधी मारली नव्हती तशी. तोंड राखाडी. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

वाळूचा बार्ज. धुक्यातून नुसतं त्याचं काळं तोंड दिसत होतं, एखादी चाळ चालत यावी तसं. आम्ही त्याच्या वाटेत गोल गोल फिरत होतो. मी लाल मूठ ढकलली. बोट उसळली, म्हणजे चुकलं. मागे ओढली. दांडा बार्जपासून लांब लोटला तर बोट बार्जकडेच निघाली. भोंगा पुन्हा वाजला आणि वाजतच राहिला. वर कुणीतरी हात हलवून ओरडत होतं. मला तिला धरायचं होतं आणि दांडाही धरायचा होता. शेवटी तिच्या कमरेवर गुडघा रोवून तिला फळीशी दाबून धरलं आणि दांडा दोन्ही हातांनी त्या बार्जच्या दिशेने लोटला. जिथे मरण दिसतंय तिकडेच लोटायचा, आक्का! हाताला पटतच नव्हतं. लोटला. बोटीचं नाक वळलं. बार्ज बाजूने गेला तेव्हा त्याच्या पत्र्यावरचे गंज धरलेले रिव्हेट दिसले मला. त्याच्या लाटेने आम्ही दोनदा असे कललो की पाणी आत आलं.

मग सगळं शांत. मी हिचं डोकं मांडीवर घेतलं. हिचे डोळे उघडले. उलटी झाली. "कुठे आलो?" म्हणाली. मी सांगितलं नाही, तर तिने लांब जाणारा बार्ज बघितला आणि तिला कळलं. हिला मी पहिल्यांदाच घाबरलेली बघितली. तिने माझा हात धरला.

"कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, "सांगितलंय."

"कुणाला?"

"आक्कांना. तीन पत्रं लिहिलीत."

तिने हात काढून घेतला. माझ्या मांडीवरून उठली, दांडा घेतला आणि बोट धक्क्याला लावली, एकही धक्का न बसू देता. घड्याळजींनी विचारलं, "कशी वाटली?" ही म्हणाली, "चांगली आहे. वळायला जरा जड."

त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. चहाचा कप मशीनवर आणून ठेवते आणि जाते. रात्री मी तिचा श्वास ऐकत पडतो. मध्येच अंतर वाढलं की उठून बसतो.

तुम्ही उत्तर द्याल न द्याल. आता लिहायची सवय झालीय, म्हणून लिहिलं.

मास्तर


९ डिसेंबर

मास्तर,

तुमची चारही पत्रं मिळाली. पहिली तीन वाचून मी कपाटात ठेवली. चौथं वाचल्यावर बसून राहिले. आता लिहिते. मला गोड लिहिता येत नाही, तुम्हाला माहीत आहे.

बाबांना हेच होतं.

तुमचं लग्न व्हायच्या आधीच्या वर्षी उतारू भरलेली होडी चालवताना ते सुकाणूवर पडले. शेजारी मी होते म्हणून होडी सरळ राहिली. लोकांना वाटलं, डुलकी लागली. नंतर आणखी दोनदा. त्यांनी मला बजावलं, धाकटीला कळता कामा नये, तिचं लग्न ठरतंय. तेव्हा डॉक्टरांनी अशक्तपणा म्हटलं आणि लाल रंगाचं औषध दिलं. असलं यंत्र असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मी त्यांना बांधून नेलं असतं.

मग मी होडी विकली. ते झोपले होते. उठले तेव्हा खुंट्याला नुसता दोर होता. धाकटीला वाटलं, मी माझ्या घरासाठी विकली. मी वाटू दिलं. खरं सांगितलं असतं तर बाबांना दिलेला शब्द मोडला असता.

बाबा त्यानंतर पाच वर्षं जगले. खुर्ची फिरवून घेतली होती त्यांनी, खिडकीकडे पाठ करून. माझ्या हातचं जेवायचे, औषध घ्यायचे, पण माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांचा जीव वाचवला. बाकी काही वाचलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

तुम्ही म्हणता, तिला थांबवा. मी एकाला थांबवलंय. दुसऱ्यांदा माझ्याने होणार नाही. घे असंही मी म्हणणार नाही, मला तेवढं धाडस नाही. तिला हे पत्र दाखवा. फाडलं तर फाडू दे.

तुम्ही दांडा बार्जकडे लोटलात ते बरोबर केलंत.

आक्का


१३ डिसेंबर

आक्का,

तुमचं पत्र मी दोन दिवस कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरलो. मग जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि भांडी घासायला गेलो. आमच्यात भांडी मी घासतो.

हिने अक्षर ओळखलं. वाचलं. पुन्हा वाचलं. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. मी दाराबाहेर उभा. पाण्याच्या आवाजात ती पडली तर कळणार नाही म्हणून मी हाक मारली, तर आतून म्हणाली, "उभी आहे मी. रडू द्या."

बाहेर आली तेव्हा किती दिवसांनी माझ्याशी बोलली. "बाबांनी तिला सांगायला बंदी केली होती?"

"तसं लिहिलंय."

"आणि मी विचारलं, होडी का विकली, तर मला म्हणाले, आक्काला विचार. मी विचारलं नाही. भांडले." बराच वेळ मीठदाणीचं झाकण उघडमीट करत बसली. "त्यांना एका वाक्यात मिटवता आलं असतं हो. एका वाक्यात."

मेलेल्या माणसाच्या वतीने काय बोलणार?

मग तिने आपणहून विषय काढला. म्हणाली, "मला बसवून घ्यायची भीती वाटते. ती बाई म्हणाली, पूर्ण भूल नसते, तेवढ्याच जागेपुरती असते. म्हणजे मी जागी असणार आणि कुणीतरी माझ्या छातीत वायर सरकवणार. जराशी हलले तर? वायर चुकली तर? मला इतकं भ्यायला होतं की डोळ्यांपुढे अंधारी येते. ही ती अंधारी नव्हे. साधी."

मी म्हटलं, "पाण्यावर मला तसंच होतं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. दोरखंडावर चालल्यासारखं."

"मग येत का होतात माझ्याबरोबर?"

मी ताट पुसत राहिलो.

ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मी यंत्र बसवून घेते. तुम्ही बोट चालवायला शिका. नीट. मला काही झालं तर मला परत आणता येईल इतपत. पोहायलाही."

महिनाभर मी ज्यासाठी देव पाण्यात घातले ते हिने कबूल केलं, आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं होतं, ही यंत्र बसवेल आणि बोट विसरेल. किंवा नाहीच म्हणेल. हे तिसरं माझ्या डोक्यातच नव्हतं. मी म्हटलं, "विचार करून सांगतो." ती म्हणाली, "मीही."

रात्री अंथरुणात दोघंही जागे. मी म्हटलं, "बरं." ती म्हणाली, "बरं."

डॉक्टरीणबाईंना मी बाबांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सख्ख्या बहिणीनेही तपासून घ्यावं. कृपा करून घ्या. हे मी माझ्या मनाचं लिहीत नाही. मी लिहायला बसलो तेव्हा हिने मागून येऊन सांगितलं, "तिला सांगा. आधी ते लिहा."

मास्तर


१९ डिसेंबर
इस्पितळात, सकाळी

आक्का,

ही आत आहे. मला बाहेर बाकावर बसवलंय. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहितोय. समोर एक दार आहे, त्याला गोल काच, पण काचेवर आतून कागद चिकटवलाय. मी दोनदा जाऊन बघितलं, कागदच आहे.

आत नेताना हिने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. मग चष्मा. मग म्हणाली, "माझं काही झालं तर तुम्ही ती बोट घ्यायची नाही. बुडाल." मी म्हटलं, "असं बोलू नकोस." तर म्हणाली, "घड्याळजींना नाही म्हणून कळवा तेवढं. ते वाट बघतील." चाकांच्या पलंगावर ती एवढीशी दिसत होती. मला म्हणाली, "तुम्ही हसा ना जरा." मी हसलो. ते कसं दिसलं असेल देव जाणे, कारण तिने तोंड फिरवलं.

घटकाभराचं काम आहे म्हणाले होते. ती कधीच उलटली. इथल्या घड्याळाचा काटा अडकलाय की मला तसं वाटतंय, कळत नाही. आत काहीतरी धातूचं पडल्याचा आवाज आला. एक परिचारिका पळत आत गेली. चालत नाही, पळत. बाहेर आली तेव्हा मी उठलो, पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. बघितलं नाही म्हणजे काय समजायचं?

बार्ज येत होता तेव्हा हातात दांडा तरी होता. इथे बांगड्या आहेत नुसत्या. मी त्या घट्ट धरल्यात, तळहातावर वळ उमटलेत.

मी तुम्हाला आधी लिहिलं तेव्हा हिला थांबवा म्हणत होतो. आता मीच तिला इथे आणलंय. काही वाईट झालं तर ते माझ्या सांगण्यावरून झालं असेल. बाबांची होडी विकलीत तेव्हा तुम्हालाही असंच

दार उघडलं. मला बोलावतायत.


२९ जानेवारी

आक्का,

हिने तुम्हाला इस्पितळातून फोन केला, ते बरं केलं, नाहीतर माझं ते अर्धवट पत्र वाचून तुम्हीच पडला असता. मला पत्र पुरं करायचं भान नव्हतं आणि टाकायचं मात्र होतं. तुम्हा दोघींचं फोनवर काय बोलणं झालं मला माहीत नाही. मला खोलीबाहेर घालवलं होतं. दाराबाहेर हिचा आवाज आला, "रडतेस काय, मी मेले का?" तेव्हा मी चहा आणायला गेलो.

तुमच्या तपासणीत काही निघालं नाही, हे हिने शेजारणीलाही सांगितलं. शेजारीण तुम्हाला ओळखत नाही.

आता इकडचं. बोट घेतली. घड्याळजींनी किल्ली माझ्या हातात दिली, हिच्या नाही. म्हणाले, "बाईंना काय शिकवायचं? तुम्ही लक्षात ठेवा, थेंब थेंब येतं, उपसायचं." मग काठी टेकत मागे न बघता निघून गेले. निघताना आम्ही हाक मारली, त्यांनी हात वर केला, पण वळले नाहीत.

मी रोज शिकतोय. गोदीतल्या रंगाऱ्यांना संध्याकाळची करमणूक झालीय. एकदा खुंटा चुकवला, एकदा दुसऱ्याच्या बोटीला घासून गेलो, एकदा दोर न सोडताच निघालो आणि अख्खा धक्का बरोबर यायला निघाला. ही कपाळाला हात लावते आणि म्हणते, "पुन्हा." पोहायलाही जातो, लहान मुलांच्या तलावात. पाणी कमरेएवढं आहे. तिथेही भीती वाटते.

भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल, आणि तुम्हाला खोटं लिहायचं मी सोडून दिलंय. बोट कलली की अजून फळी धरायला हात जातो. ही बोलता बोलता थांबली की मी दांडा सोडून तिच्याकडे झेपावतो, आणि ती ओरडते, "मी विचार करतेय! पुढे बघा!" रात्री तिच्या हाडाखालच्या त्या उंचवट्यावर बोट ठेवून बघतो. तिला वाटतं, मला झोपेत सवय लागलीय. काल तिला म्हटलं, मला हे आयुष्यभर वाटत राहणार. म्हणाली, "वाटू द्या. हात सुकाणूवर ठेवून वाटू द्या."

रविवारी आम्ही येतोय. रस्त्याने नाही. सकाळच्या भरतीला निघालो तर दुपारपर्यंत तुमच्या घराखालच्या धक्क्याला लागू, असं ही म्हणते. तुम्हाला आणखी काय लिहू विचारलं तर म्हणाली, "येतोय म्हणून लिहा. बाकी मी तोंडाने बोलेन." शुक्रवारपासून हवामानाच्या बातम्या मी दिवसातून इतक्यांदा ऐकणार आहे की त्या सांगणाऱ्या बाईची मला दया येते.

तुम्ही धक्क्यावर या, आक्का. वर खिडकीत उभ्या राहू नका, अगदी पाण्याशी या. हिला अजून डावा हात खांद्याच्या वर न्यायची परवानगी नाही, तेव्हा दोर मी फेकणार आहे, आणि मला तो नीट फेकता येत नाही. तो पाण्यातच पडेल. तुम्हाला वाकून धरावा लागेल.

मास्तर